अळणी भिंत

आवडाबाईशी वाद घालायला जायचं असेल तर आधी पोटभर जेवून जावं, असं तिचा नवरा बाबाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. एक तर वाद लवकर संपत नाही, आणि संपल्यावर ती चहा विचारेलच याची खात्री नाही. बाबाजीचं हे तीस वर्षांच्या संसारातून आलेलं ज्ञान आहे, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

बोर्ली पंचतनच्या बाजारातून खाडीकडे वळलं की तासाभराच्या चालीवर त्यांची वस्ती लागते. वर डोंगर, खाली भाताची खाचरं, आणि मधे पोफळी-माडांच्या बागा. खाचरं वस्तीवाल्यांची, बागा बागायतदारांच्या. आवडाबाईने वयाच्या पंधराव्या वर्षापासून विश्वंभर गुरुजींच्या बागेत काम केलं. गुरुजी तेव्हा बोर्लीच्या शाळेत हेडमास्तर होते आणि घरची चारशे पोफळींची बाग होती. सुपारी सोलायची, झावळ्या ओढायच्या, नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, ती कुजली की मोगरीने कुटून काथ्या काढायचा. दुपारी चहा मिळायचा, पण कामवाल्यांचे कप निराळे. ते घरात येत नसत, माडाच्या बुंध्याशी उपडे पडलेले असत आणि ज्याने त्याने आपला कप धुऊन ठेवायचा. रीतच होती, त्यामुळे कोणी रागावत नसे. आवडाबाई रागावायची. ती कप न धुता टाकून यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कपात मुकाट्याने चहा प्यायची. गरज होती ना. पण राग काही गेला नाही.

पुढे बाबाजीला न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात काम लागलं आणि तीही तिकडे गेली. तिला एका केबिनच्या कारखान्यात घेतलं. बांधकामावरच्या ऑफिसांना लागतात तसल्या केबिनी. त्यांच्या भिंती म्हणजे पॅनेलं: दोन बाजूंना पत्रा आणि मधे फेस. दोन पिंपांतली औषधं एकत्र आली की तो फेस फुगायचा, पत्र्यांना चिकटायचा आणि दगडासारखा व्हायचा. त्याच्या वासाने डोळे चुरचुरायचे. चौदा वर्षं आवडाबाईने पॅनेलांच्या कडा घासल्या, आणि घासता घासता तिथल्या सुपरवायझरपेक्षा जास्त शिकली. पॅनेलची ताकद पत्र्यात नसते आणि फेसातही नसते. दोघं एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, त्यात असते. दुसरी गोष्ट ती काट्यापाशी शिकली. पॅनेल आधी तोलायचं, मग पाण्यात ठेवायचं, मग पुन्हा तोलायचं. पाणी प्यायलेलं पॅनेल वरून कितीही गोरंगोमटं दिसलं तरी काट्यावर चोरी उघडी पडते.

बाबाजीची पाठ कामातून गेली तेव्हा दोघं वस्तीवर परतली. पुढच्याच वर्षी, वीस सालच्या जूनमध्ये, वादळ आलं. गुरुजींच्या अडीचशे पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, आणि वस्तीच्या अंगणवाडीची कौलं तर कुठे गेली ती कोणाला सापडलीच नाहीत. सरकारी मदतीतून अंगणवाडीला नवी खोली मिळाली, ती नुसती पत्र्याची. वर पत्रा, चारी बाजूंना पत्रा. मार्चपासून आतमध्ये भाकरी भाजावी. पूनम ही तिथली सेविका, शहाणी मुलगी. ती पोरांना अकरालाच घरी पाठवायची, नाहीतर आंब्याखाली बसवायची. एप्रिलातल्या एका दिवशी सगुणाची नात राही, साडेतीन वर्षांची पोर, त्या खोलीत चक्कर येऊन पडली. सगुणा आवडाबाईची शेजारीण आणि बागेतली जुनी जोडीदार. राही वाचली, पण आवडाबाईच्या डोक्यात ती खोली जी शिरली ती निघेना.

ग्रामसभेत ती उभी राहिली.

"पत्र्याला आतून पॅनेलं लावायची. ती आमी बाया करतो," ती म्हणाली.

"कसली करणार?" सरपंच अंबाजीने विचारलं.

"मधी काथ्या आन् भाताचं तूस. दोनी बाजूंना इरी."

विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा बुडखा, जो झाडाला चामड्यासारखा गुंडाळलेला असतो. झावळीबरोबर गळून पडतो आणि बागेत गोळा करून जाळतात. सभा हसली. विश्वंभर गुरुजी पुढच्या खुर्चीत होते. आता सत्तरीपलीकडचे, निवृत्त, पण वस्तीच्या प्रत्येक समितीत त्यांचं नाव असतंच.

"आवडे, माझ्या बागेतला कचरा तू पोरांच्या भिंतीला लावणार?" ते म्हणाले.

"गुरुजी, तुमच्या बागेतला कचरा मी वीस वरसं उचललाय. त्यात काय हाय ते तुमच्यापेक्षा मना जास्ती म्हाईत."

गुरुजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांना अट घालायची सवय होती, तशी त्यांनी घातली. अंगणवाडीच्या पश्चिमेच्या अंगाला बाहेरून दोन पॅनेलं ठोकायची. आख्खा पावसाळा ती तिथे राहतील. दसऱ्याला धड निघाली तर खोली आवडाबाईची, नाहीतर पनवेलचा ठेकेदार फेसाची पॅनेलं द्यायला तयार आहेच. त्याच्या पॅनेलांना कोणी अट घातली नव्हती, हे इथे सांगून ठेवतो. छापील कागद घेऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी अट घालत नाही.

सहा बाया जमल्या. मागच्या वर्षी खाडीत पुरलेली सोडणं त्यांनी उकरून काढली, कुटली, वाळवली. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं रेझिन मागवलं. ते तेल पूर्वी होड्यांना लावत, वाळवी त्याला तोंड लावत नाही. विऱ्या भिजवून सपाट केल्या, मधे काथ्या-तुसाचा थर दिला आणि ट्रकच्या जॅकने दोन दिवस दाबून ठेवलं. चार फूट बाय दोन फुटांचं पॅनेल निघालं. रंग गुळाचा, अंगावर विरीच्या उभ्या रेघा. गुरुजींच्या खळ्यातल्या सुपारीच्या काट्यावर ते सगळ्यांसमोर तोललं. नऊ किलो. आकडा पाठीवर रंगाने लिहिला आणि खाली अंबाजीने सही केली.

दसऱ्याला सगळे ती पॅनेलं काढायला गेले तेव्हा काढायची गरजच पडली नाही. विरी सुटून लोंबत होती. गाभा गर्भारणीसारखा फुगला होता. काट्यावर बारा किलो भरलं.

"तीन किलो पानी प्यालं गो तुजं पॅनेल!" अंबाजी म्हणाला आणि खळ्यात हशा पिकला. पंचायतीचा शिपाई सदा तर महिनाभर आवडाबाई दिसली की पेल्याने पाणी प्यायल्याचा हात करून दाखवायचा. सगळ्यांना हसायला मिळालं. एवढी स्वस्त करमणूक वस्तीला बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

आवडाबाईने ती दोन्ही पॅनेलं डोक्यावरून घरी आणली. तिला लाज वाटली नाही असं नाही. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे काहीतरी फार बिघडलं, हे बाबाजीला कळत होतं. तिला चीड येत होती ती एकाच गोष्टीची. चुकलं कुठे? चिकटवण्यात खोट नव्हती. दाब बरोबर होता. काथ्या तर खाडीतला, आजे-पणजे कुजवत आले तसा कुजवलेला. त्या काथ्याचे दोर मचव्यांवर म्हातारे झाले, पण तुटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती आमटी करत होती. मिठाच्या बरणीत चमचा घातला तर मीठ नव्हतंच, खाली पाणी होतं आणि वर ओला गोळा. पावसाळ्यात घरोघरी होतं तसं. चमचा हातात धरून ती उभी राहिली. मग तशीच पडवीत गेली. उकललेलं पॅनेल दोन दिवस उन्हात पडून वाळलं होतं आणि त्याच्या कडेला पांढरी पूड धरली होती. आवडाबाई वाकली आणि तिने त्या कडेला जीभ लावली.

"आगं ए, पिसाळलीस काय?" खाटेवरून बाबाजी ओरडला.

"खारट हाय!"

"काय?"

"अवो, काथ्या खारट हाय! खाडीतलं मीठ तसंच ऱ्हायलं आत. पावसात मीठ कसं पाझरतं? तसं ते हवेतलं पानी वढतंय. वढून वढून फुगलं!"

दोराला खारं पाणी मानवतं, कारण दोर मोकळा असतो, भिजतो आणि सुकतो. भिंतीच्या पोटात बंद केलेलं मीठ मात्र गप्प बसत नाही. ही चूक न्हावा शेव्याच्या कारखान्यात कोणी केली नसती आणि घाटावरच्या माणसाने तर जन्मात केली नसती. ती खाडीकाठच्या माणसानेच करावी, कारण सोडण म्हटलं की त्याचे पाय आपसूक खाडीकडे वळतात.

आवडाबाई धावत पंचायतीत गेली. अंबाजीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की एक संधी दिली होती. आता ठेकेदाराचं ठरत आलंय, पुढल्या दसऱ्याच्या सभेत ठराव करू, तोवर वरून पैसे यायचे आहेत. दुसऱ्यांदा अंगणवाडीला हात लावू देणार नाही.

"नका देऊ," ती म्हणाली. "माजं घर तर माजं हाय?"

त्या हिवाळ्यात सहाच्या चार बाया उरल्या. डोंगरातून उतरणारा पऱ्या पौषापर्यंत वाहता असतो. काथ्याचे भारे डोक्यावर घेऊन त्या वर चढायच्या आणि गोड्या पाण्यात तो तीनदा धुवायच्या, तांदूळ धुतात तसा. तीनच का? कारण दोन पाण्यांनंतर आवडाबाईने चाखून बघितला आणि थुंकली. मग तोच तिचा नियम झाला. प्रत्येक भाऱ्यातली एक बट ती जिभेवर ठेवायची. खारट लागली की भारा परत पाण्यात. सगुणा कुरकुरली, "आगं, हाताला भेगा पडल्या."

"राही पडली तवा तुज्या काळजाला पडली ती भेग मोठी का ही?"

सगुणाने भारा उचलला. असं बोलणं आवडाबाईला शोभतं का, तर नाही. पण काम झालं.

मे महिन्यात तिने आपल्या पडवीचा पश्चिमेचा कूड पाडला. मातीने लिंपलेला, चांगला धडधाकट कूड. त्या जागी सहा पॅनेलं बसवली. बसवण्याआधी ती सगळी गुरुजींच्या खळ्यात नेऊन तोलली आणि पाठीवर आकडे लिहून अंबाजीच्या पुढ्यात धरली. "सही करा. सही कराया काय लागतं?" त्याने सुटका व्हावी म्हणून केली.

"पडवीत माजी खाट असते," बाबाजी म्हणाला.

"म्हनूनच. भिंत पडली तर तुमी पयले सांगाल."

मग पाऊस लागला. इकडचा पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर आसूड ओढतो. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी आवडाबाई पडवीत जायची आणि बोटांच्या पेरांनी सहाही पॅनेलं ठोकायची. कोरडं पॅनेल टणटण बोलतं, ओलं बद्द वाजतं. जून गेला, टणटण. जुलैत तीन दिवस वारा थांबला नाही, गुरुजींचे दोन माड पडले. टणटण. ऑगस्टातल्या एका सकाळी चौथं पॅनेल बद्द वाजलं.  पुन्हा ठोकलं, तसंच. ती पावसात बाहेर धावली, आणि बघते तो काय, बाबाजीने भिजलेली पोती त्या पॅनेलला टेकवून ठेवलेली. पोती हलवली, पॅनेल बोललं. त्या दिवशी बाबाजीने जे ऐकलं ते लिहिण्यासारखं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या खळ्यात सभा होती. ठेकेदाराने नमुन्याचं पॅनेल आधीच पाठवलं होतं, पांढरंशुभ्र, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. ते खळ्यात पाहुण्यासारखं खुर्चीवर ठेवलं होतं. आवडाबाई आली ती डोक्यावर पॅनेल घेऊन. मागे सगुणा, आणखी दोघी, आणि सगळ्यांत शेवटी कमरेवर हात ठेवून बाबाजी. कुठलं पॅनेल काढायचं हे तिने ठरवलं नव्हतं. सकाळीच तिने सदाला घरी नेऊन सांगितलं होतं की तुला सर्वांत वाईट दिसेल ते काढ. महिनाभर पाणी प्यायल्याचा हात करून दाखवणाऱ्या माणसाने निवडलेलं पॅनेल कोणी फितुरीचं म्हणू शकत नव्हतं. त्याने चौथं काढलं होतं.

काट्यावर ठेवलं. नऊ किलो दोनशे. पाठीवरचा आकडा नऊ.

कोणी हसलं नाही. पूनम मागच्या रांगेत उभी होती, तिने राहीला कडेवर उचलून घेतलं.

अंबाजी ठेकेदाराच्या पॅनेलकडे बघत म्हणाला, "वजन ठीक हाय. पन चुलीवर धरून सुकवलं नसेल कशावरून?"

"कापा," आवडाबाई म्हणाली.

करवत आणली. सदाने मधोमध कापलं. आत काथ्या सोन्यासारखा निघाला, विरी दोन्ही बाजूंनी अशी धरून बसलेली की नखाने सुटेना. लोक पुढे झुकले. आता विश्वंभर गुरुजी उठले, चष्मा पुसला आणि कापलेल्या कडेवर बोट फिरवलं.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "पण आवडे, मागचंसुद्धा सुरुवातीला कोरडंच होतं. थोडंही मीठ आत उरलं असेल तर ते या वर्षी नाही, पुढल्या वर्षी पाणी ओढेल. पोरं आत बसायची आहेत. मीठ गेलं हे काट्याला कसं कळणार?"

प्रश्न खोडसाळ नव्हता, खरा होता, आणि आवडाबाईलाही ते कळलं. तिने कापलेल्या कडेतून काथ्याची एक बट ओढून काढली. तीन पाण्यांतून धुतलेली, तिच्या आणि सगुणाच्या हातांनी कुटलेली. ती तिने तळव्यावर ठेवली आणि हात गुरुजींपुढे केला.

"काट्याला न्हाय कळणार. जिभेला कळंल. चाखा."

 त्या खळ्याच्या टोकाला माडाचा तो बुंधा अजून आहे. कप आता तिथे नसतात, काळ बदलला म्हणतात. पण आवडाबाईच्या घरी आजवर गुरुजींनी पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि वस्तीतल्या कोणी घ्या म्हणून आग्रहही केला नव्हता. अंबाजी पुटपुटला, "आवडाबाय, काय पन काय..." सगुणाने तिचा पदर मागून ओढला. आवडाबाईने हात खाली घेतला नाही. 

"मी हजार बटा चाखल्यात," ती म्हणाली. "तुमाला एकच चाखायची हाय."

 गुरुजींनी ती बट दोन बोटांनी उचलली, तोंडात घातली, आणि सुपारीची प्रत बघताना चघळायचे तशी, डोळे मिटून, सावकाश चघळली. बाहेर काढून हातात धरली. सगळं खळं त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"अळणी आहे," ते म्हणाले.

बाईमाणसाच्या हाताला अळणी म्हटलं तर ती महिनाभर विसरत नाही. आवडाबाईनेही तो शब्द विसरायचा नाही असं तिथल्या तिथे ठरवलं. तिने हात खाली घेतला आणि अंबाजीकडे वळली.

"लिवा."

"काय लिवू?"

"गुरुजी बोलले ते. जसं बोलले तसं."

अंबाजीने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "लिहा की. खोटं थोडंच आहे?"

पुढच्या मार्चात अंगणवाडी साडेबारापर्यंत भरली. पोरं आत झोपली, भिंतीच्या रेघांवरून बोटं फिरवत. बाबाजीची पडवी मात्र त्या सभेच्या दिवसापासून चार फूट उघडीच होती, आणि तिथून येणाऱ्या वाऱ्याबद्दल त्याने तक्रार केली की आवडाबाई म्हणायची, आधी पोरांची भिंत. सभेहून घरी आल्यावर त्या भोकासमोर बसून ती खूप रडली होती, हे त्याने कोणाला सांगितलेलं नाही. मला सांगितलं, तेही पोटभर जेवल्यावर.

ठेकेदाराचं पांढरं पॅनेल पंचायतीत टेबल म्हणून वापरतात. ठरावाची वही त्यावरच असते. कोणीही उघडून बघावी. अंबाजीच्या गिचमिड अक्षरात लिहिलं आहे: सदर भिंतीचा गाभा श्री. विश्वंभर गुरुजी यांनी सर्वांसमक्ष स्वतः चाखून पाहिला असता तो अळणी आढळला, सबब अंगणवाडीचे काम आवडाबाई व इतर तीन महिलांना देण्यात येत आहे.